कापसाचा भाव आणि ग्लोबल अफेअर्सची पदवी

प्रश्न : माझी मुलगी यंदा कला शाखेतून बारावी होईल. तिला ‘ग्लोबल अफेअर्स’ या विषयात पदवी घ्यायची आहे. त्यात राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, कायदा आणि एखादी परदेशी भाषा असे सगळेच असते म्हणे. आमचे घर कापूस आणि केळीवर चालते. सगळ्याचे थोडे थोडे शिकून एकही विषय धड येणार नाही, अशी गत तर होणार नाही ना? आणि पुढे नोकरीचे काय?
— एक पालक, यावल तालुका, जि. जळगाव

उत्तर : आपली शंका रास्त आहे. पाच विषयांची पाच प्रास्ताविक पुस्तके वाचून घेणे म्हणजे आंतरविद्याशाखीय शिक्षण नव्हे. एकच प्रश्न सोडवताना जेव्हा एक शास्त्र अपुरे पडते, तेव्हा दुसऱ्याची मदत घेता येणे, हा त्याचा गाभा आहे.

आपल्या शेतातला कापूसच पाहा. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस लँकशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खान्देश-वऱ्हाडच्या कापसाचे भाव गगनाला भिडले. युद्ध संपल्यावर ते तितक्याच वेगाने कोसळले. ही इतिहासाची बाजू झाली. अलीकडे, 2002 मध्ये, अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानांविरुद्ध ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली. निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला, तरी प्रकरण पूर्णपणे मिटायला 2014 उजाडले. त्याच अनुदानांची झळ बसत असल्याचे बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकी देशांनी 2003 मध्ये एकत्र येऊन मांडले होते. अनुदानामुळे जगातला भाव किती दबतो, हे अर्थशास्त्र सांगते. भाव दबतो हे ठाऊक असूनही अमेरिकेतील लोकप्रतिनिधी अनुदान का सोडत नाहीत, हे राज्यशास्त्राकडून कळते. आणि खटला जिंकलेल्या देशालाही इतकी वर्षे का थांबावे लागते, हे कायदा शिकल्याशिवाय उमगत नाही. यांपैकी एकाच खिडकीतून पाहणाऱ्याला यावलच्या जिनिंगमधला भाव अर्धाच समजेल.

म्हणून महाविद्यालय निवडताना विषयांच्या लांबलचक यादीवर भुलू नये. अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र सक्तीचे आहे का, परदेशी भाषा सलग दोन वर्षे तरी शिकवतात का आणि शेवटच्या वर्षी स्वतःचा प्रबंध लिहावा लागतो का, एवढे विचारावे. या तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर आपली भीती खरी ठरेल. भाषेबाबत माझे मत विचाराल, तर मी अरबी सुचवीन. आपल्याकडच्या केळीचे कंटेनर आखाती देशांत जातात आणि तरीही या बाजूची मुले हमखास फ्रेंच किंवा जर्मनच्या वर्गात बसतात.

सोनीपतच्या जिंदल विद्यापीठात ग्लोबल अफेअर्सची, तर पुण्याच्या फ्लेम विद्यापीठात आंतरराष्ट्रीय अभ्यासाची पदवी आहे. दोन्ही खासगी आहेत आणि त्यांची फी शेतकरी कुटुंबाला जड जाते. शिष्यवृत्ती न मिळाल्यास कर्ज काढून तिकडे पाठवावे, असे मी म्हणणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांतही 2024-25 पासून मुख्य आणि गौण विषयांची रचना आली आहे; जळगावातच अर्थशास्त्र मुख्य आणि राज्यशास्त्र गौण विषय घेऊन पदवी करावी, आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील ‘स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’चा प्रयत्न करावा. तेथील फी अगदी नाममात्र आहे. अर्थात निवडलेल्या महाविद्यालयात ही जोडी मिळते का, हे आधी पाहावे लागेल.

नोकरीबाबत स्पष्टच सांगतो. परराष्ट्र सेवेची वाट केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून जाते, तिथे कोणतीही पदवी चालते आणि जागा मोजक्या असतात. त्यामुळे केवळ तेवढ्यासाठी हा विषय घेण्याचे कारण नाही. निर्यात संस्था, संशोधन संस्था, पत्रकारिता, सामाजिक संस्था येथे वाव आहे, मात्र बऱ्याच ठिकाणी पदव्युत्तर पदवी मागतात. म्हणजे तीन वर्षांचा नव्हे, पाच वर्षांचा खर्च धरून हिशेब मांडावा. मुलीला आकडेमोडीचा कंटाळा असेल, तर तेही आताच विचारून घ्यावे, कारण वर सुचवलेल्या वाटेवर अर्थशास्त्र टाळता येणार नाही.