यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) दर्जेदार जर्नलांची 'केअर' यादी बंद झाली, आता विभागातल्या पीएचडीच्या मुलांना बोगस जर्नलपासून कसं वाचवायचं?

कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे "मॅडम, हे जर्नल चालेल का?" हे रोजचंच.

यादी गेल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. यूजीसीच्या आधीच्या 'अप्रूव्ह्ड लिस्ट'मध्ये इतका कचरा शिरला होता की मे २०१८ मध्ये ४,३०५ जर्नलं एका फटक्यात काढावी लागली. मग २०१९ साली केअर आली. पुणे विद्यापीठातून चालणारी ती चाळणी बरीच बारीक होती. पण यादी आली की यादीचा धंदाही येतो. एखाद्या जुन्या छापील नियतकालिकाची वेबसाइट नसायची. कुणीतरी त्याच नावाने, त्याच आयएसएसएन क्रमांकाने (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) ती थाटायचा आणि पैसे उकळायचा. केअरला अशा 'क्लोन' जर्नलांची वेगळी यादी लावावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर बंद झाल्याचं जाहीर केलं आणि जबाबदारी संस्थांवर टाकली.

त्यामुळे आता तपासणी आपणच करायची. आयएसएसएन ही नुसती नोंदणी आहे. नंबरप्लेट असली म्हणून गाडीचे ब्रेक लागतातच असं नाही. मी आधी मागचे दोन अंक उघडते. एकाच अंकात कपाशीवरची बोंडअळी, संतसाहित्य आणि जीएसटी दिसलं की तिथेच थांबते. मग संपादक मंडळातलं एक नाव उचलून त्यांच्या विद्यापीठाच्या पानावरून (जर्नलच्या नव्हे!) ईमेल शोधते आणि सरळ विचारते. आपलं नाव तिथे छापलंय हे त्यांनाच माहीत नसतं, असंही होतं. क्लोनचा संशय असेल तर छापील अंकातला पत्ता वेबसाइटशी ताडून बघा आणि अंकातल्याच नंबरवर फोन लावा.

फी घेतात म्हणजे बोगस, असंही नाही. चांगली ओपन अ‍ॅक्सेस (कुणालाही फुकट वाचता येणारी) जर्नलंही घेतात, पण रक्कम आधीच जाहीर असते. "दोन दिवसांत अ‍ॅक्सेप्टन्स, पंधराशे रुपये, ई-सर्टिफिकेट फ्री" असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला तर समजून जा.

पण खरं दुखणं पेपर मोजण्यात आहे. २०२२ च्या नियमांत यूजीसीने पीएचडीसाठी पेपरची सक्ती काढली, तरी "दोन पेपर तर हवेतच" म्हणणारे गाइड आहेतच. तुमच्या विभागाने एवढं ठरवावं: मुलाने पेपर पाठवण्याआधी जर्नलचं नाव सल्लागार समितीपुढे मांडायचं, आणि गाइडने त्यातला निदान एक लेख वाचलेला असला पाहिजे. दुसरी अट ऐकून काही जण नाराज होतील, होऊ द्या. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये प्रकाशन नीती हा विषय सक्तीचा आहेच. तिथे स्लाइड वाचून दाखवण्यापेक्षा एक खरं आणि एक बोगस जर्नल मुलांपुढे ठेवा.

कुणाचा पेपर आधीच बोगस जर्नलात अडकला असेल तर मागे घेत असल्याचं ईमेलने कळवा, स्क्रीनशॉट ठेवा आणि 'विड्रॉअल फी' अजिबात भरू नका. तरीही त्यांनी तो छापलाच, तर पुढच्या जर्नलच्या संपादकांना हा सगळा पत्रव्यवहार आधीच दाखवा.