चार का, दोन का नाही?

'प्रिय मावशी, वय ४४, राहते सिंहगड रस्त्याला, सहकारी बँकेत अधिकारी आहे. मी दिवसातून चार वेळा मिश्री लावते. माहेर बारामतीकडचं. आजी तव्यावर तंबाखू भाजायची, तिच्या शेजारी बसून बसून बोटाला सवय लागली ती आजतागायत. नवऱ्याला अर्धवट माहीत आहे, मुलीला अजिबात नाही, बँकेत तर कुणालाच नाही. तीन महिन्यांपूर्वी दातांच्या डॉक्टरांनी आरशात गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला. महिन्याने या म्हणाले, मी गेले नाही. मग एका ॲपवरून ऑनलाइन समुपदेशन घेतलं. त्या मॅडमनी पाचव्या मिनिटाला तोंडाच्या कॅन्सरचे फोटो स्क्रीनवर लावले. मी कॉल बंद केला, गॅलरीत गेले आणि मिश्री लावली. नंतर 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' नावाच्या पद्धतीबद्दल वाचलं, त्यात म्हणे रागवत नाहीत. असं करणारं माणूस ऑनलाइन कसं शोधू? कुणासमोर जाऊन बसायची हिंमत नाही. आणि खरं सांगू? सोडायची आहे असंही नाही आणि सोडायची नाही असंही नाही. – गॅलरीतली'

गॅलरीतले बाई,

मावशी म्हटलंस म्हणून 'तू' म्हणते. तू मिश्री लिहिलंस, आमच्याकडे मशेरी म्हणायचे. माझ्या दोन आत्यांच्या कमरेला ती डबी असायची आणि घरातल्या कुणालाच त्यात वावगं वाटत नसे. तेव्हा माझ्यापुरती तरी लाज बाळगू नकोस. तंबाखू ती तंबाखूच, पण बाईने लावली की तिच्याभोवती एक वेगळंच गुपित तयार होतं. बँकेतल्या एखाद्या साहेबाने टपरीवर जाऊन सिगारेट ओढली तर त्याला कुणी गॅलरीत लपवत नाही.

आधी एक गोष्ट, आणि ती मी अजिबात आढेवेढे न घेता सांगणार आहे. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर तो डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवायचा असतो. तुझा तीन महिन्यांचा झाला. दरवेळी तो कॅन्सरच असतो असं नाही, पुष्कळदा नसतो, आणि तंबाखू थांबली की असे कित्येक चट्टे फिके होतात. पण कुठला कसला आहे हे डॉक्टर बोटाने चाचपून बघतात, लागलं तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. जगातला कितीही उत्तम थेरपिस्ट असो, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्याला ते जमणार नाही. मिश्री सोडायचं ठरल्यावर जाईन, असं तुझ्या मनात असेल तर या दोन गोष्टींची घातलेली गाठ आधी सोडव. मिश्री चालू असतानाही जाता येतं. ते ओरडतील म्हणून जात नसशील तर खुर्चीत बसल्या बसल्या सांग, 'मी अजून लावते, त्यावर आज बोलायचं नाही, फक्त चट्टा बघा.'

आता तुझा प्रश्न. मला त्यात थोडी गंमतही वाटली. ज्या पद्धतीत सल्ला देण्यावर लगाम असतो, तिचा पत्ता तू सल्ला देऊन पोट भरणाऱ्या बाईला विचारते आहेस.

विल्यम मिलर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९८२ साली नॉर्वेतल्या बर्गनला गेले होते. दारूच्या समस्येवर काम करणारे तिथले तरुण सहकारी त्यांच्यासमोर रुग्ण बनून बसत आणि मध्येच थांबवून विचारत, हाच प्रश्न का विचारलात, हेच वाक्य का निवडलंत? उत्तरं देता देता मिलर यांना आपण नकळत काय करतो ते उमगलं. १९८३ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला, पुढे कार्डिफचे स्टीफन रोलनिक सोबत आले आणि १९९१ मध्ये दोघांचं पुस्तक निघालं. दारूपासून सुरू झालेली ही पद्धत आता तंबाखू, मधुमेहाचं पथ्य, वेळेवर गोळ्या घेणं अशा कितीतरी ठिकाणी वापरतात.

तिचं मर्म तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीत आहे. सोडायची आहे असंही नाही, नाही असंही नाही. या दुमताला ही पद्धत रोग मानत नाही, माणसाचा स्वभाव मानते. तुझ्या मनात दोन वकील बसलेत. समोरच्याने एकाची बाजू उचलली की दुसरी बाजू तू उचलतेस. त्या मॅडमनी 'सोडा'ची बाजू फोटोंसकट मांडली, मग तुझ्याकडे उरली 'लावा'ची बाजू. ती तू गॅलरीत जाऊन मांडलीस. इथे तुझा कमकुवतपणा वगैरे काही नाही. समोरच्याला सुधारायची उबळ येते, तिचा हा नेहमीचा परिणाम आहे. ती उबळ मलाही येते. वर चट्ट्याबद्दल आलीच, पण तिथे मी ती दाबणार नव्हते.

ही पद्धत जाणणाऱ्या समुपदेशक बाईसमोर संभाषण कसं होईल? ती विचारेल, 'सकाळची पहिली मिश्री तुम्हाला काय देते?' तू म्हणशील, पोट साफ होतं, आणि ती दहा मिनिटं माझी असतात, कुणी हाक मारत नाही. ती म्हणेल, 'दिवसभरात तेवढीच दहा मिनिटं तुमची.' बस्स. प्रश्नसुद्धा नाही, तुझंच वाक्य तुझ्या हातात परत. मग तू गप्प होशील आणि कदाचित म्हणशील, हो, आणि त्यातलाही अर्धा वेळ कुणी बघेल का या धास्तीत जातो. हे वाक्य तू बोललीस, तिने नाही. म्हणून ते लागतं.

कधी ती शून्य ते दहाची पट्टी काढेल. सोडणं तुमच्यासाठी आत्ता किती महत्त्वाचं? तू चार म्हणशील. साधा समुपदेशक विचारेल, चारच का, आठ का नाही? मग तू न सोडण्याची कारणं मोजायला लागशील. शिकलेली बाई उलटं विचारते, 'चार का? दोन का नाही?' आता उत्तर द्यायचं तर सोडण्याची कारणं तुला स्वतःला शोधावी लागतात. त्या कारणांत चट्टा येईल, मुलगी येईल, प्रवासात डबी लपवण्याची कसरत येईल. एवढ्याशा प्रश्नात किती कारागिरी आहे बघ!

आता शोधायचं कसं. या पद्धतीचा वेगळा परवाना नसतो, तेव्हा नावापुढे 'एमआय', म्हणजे या पद्धतीचं इंग्रजी लघुरूप, लिहिलं आहे एवढ्यावर भुलू नकोस. आधी माणसाची मूळ पात्रता बघायची. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचार आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव पडताळून बघ. विचारल्यावर जो चिडेल त्याच्याकडे जाऊच नकोस. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, त्यांची नोंदणी वैद्यक परिषदेकडे. 'समुपदेशक' या पाटीला मात्र आपल्याकडे आजवर कुणी फारसं अडवलेलं नाही. त्यात अतिशय चांगली माणसं आहेत आणि दोन रविवारचा कोर्स करून बसलेलीही आहेत.

मग प्रशिक्षणाचं विचार. 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' कुठे शिकलात आणि शिकल्यानंतर तुमचं सत्र ऐकून कुणी चुका दाखवल्या का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. दोन दिवसांच्या कार्यशाळेत ही पद्धत समजते, पण अंगी लागत नाही. गाण्यासारखंच आहे ते, गुरूने समोर बसून ऐकावं लागतं. मिंट नावाचं प्रशिक्षकांचं आंतरराष्ट्रीय जाळं आहे, १९९७ पासूनचं. त्यांच्या यादीत भारतातलं कुणी सापडलं तर त्यांना विचारता येईल की तुमच्याकडे शिकलेलं, मराठीत बोलणारं कुणी आहे का. ती यादी शिकवणाऱ्यांची आहे, थेरपिस्टांची नाही, एवढं ध्यानात ठेव.

पण ॲपवर शोधत बसण्याआधी मी व्यसनमुक्तीत काम करणाऱ्यांना विचारेन, कारण ही पद्धत तिथेच जन्मली आणि तिथेच जास्त वापरली जाते. आपल्या पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. तिथे फोन करून ऑनलाइन सत्रं कोण घेतं हे विचारायला कुणासमोर बसावं लागत नाही. दंत महाविद्यालयांतही तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन केंद्रं असतात. चट्टा दाखवायला जाशील तेव्हा तिथल्याच डॉक्टरांना विचार, एका फेरीत दोन कामं. थेरपिस्ट मिळेपर्यंत नुसतं बोलायला कुणी हवं असेल तर टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, दिवसरात्र आणि फुकट. तंबाखू सोडू बघणाऱ्यांसाठी वेगळी हेल्पलाइन, क्विटलाइन, १८००-११-२३५६. तिथे अगदी हीच पद्धत मिळेल असं मी म्हणत नाही, पण नाव न सांगता पहिल्यांदा 'मी मिश्री लावते' हे मोठ्याने बोलून बघायला जागा आहे. तेवढ्यानेही छातीवरचं थोडं उतरतं.

भाषा मराठीच घे. बँकेत तू इंग्रजीत पत्रं लिहीत असशील, पण आजीचा तवा इंग्रजीत सांगता येत नाही.

पहिलं सत्र संपल्यावर एकच हिशेब कर: जास्त कोण बोललं? आणि मिश्री सोडण्याच्या बाजूने कोण बोललं, ती की तू? तिने माहिती देण्याआधी 'याबद्दल थोडं सांगू का?' असं विचारलं का, आणि सांगून झाल्यावर 'तुम्हाला काय वाटतं?' म्हणाली का? हे झालं असेल तर तिच्या प्रमाणपत्रावर कुठलं नाव आहे याची मी फार चिंता करणार नाही. उलट नाव अगदी बरोबर, आणि तू पंचेचाळीस मिनिटं 'हो मॅडम, हो मॅडम' करत बसलीस, तर दुसरीकडे बघ. थेरपिस्ट बदलला तर कुणाचा अपमान होत नाही. नुसतं गोड बोलणं म्हणजे ही पद्धत, असंही समजू नकोस. चांगली बाई तुला बोलण्याच्या आडवाटांनी भरकटू देत नाही, दर थोड्या वेळाने तू बोललेलं गोळा करून समोर ठेवते.

फी, रद्द केल्यास पैसे परत मिळतात का, आणि सत्र रेकॉर्ड होतं का, हे सुरुवातीलाच विचार. रेकॉर्डिंगला नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे.

जागेचं काय? इअरफोन लावले की समोरचीचा आवाज घरात जात नाही, पण तुझा जातोच. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये 'मिश्री' हा शब्द भिंतीपलीकडे स्पष्ट ऐकू येतो. पु. ल. देशपांडे उद्यानातला बाक सुचवणार होते, पण शेजारच्या बाकावर तुमच्या सोसायटीतल्या कुणीतरी काकू हमखास असणार. पार्किंगमध्ये उभी केलेली गाडी, काचा वर, हा त्यातल्या त्यात बरा उपाय. मध्येच कुणी आलं तर बोलायचं एक साधं वाक्य थेरपिस्टशी आधीच ठरवून ठेव, 'फाइल नंतर पाठवते' असलं काहीतरी. बँकेतली बाई आहेस, कुणाला शंका येणार नाही.

हे प्रकरण वर्षभर चालेल अशी धास्ती नको. ही पद्धत बहुधा थोडक्यात आटपते, एक ते चार सत्रं. दुमत मिटलं की तिचं काम झालं, मग पुढचं वेगळं. तुझा कल सोडण्याकडे झुकला तर ते पुढचं काम अगदी जमिनीवरचं असेल. पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप बिघडेल, आणि हो, पोट खरंच अडेल, कारण निकोटीन आतड्यांना चालना देतं. मिश्रीने पोट साफ होतं असा तुझा अनुभव असेल तर तो खोटा नाही. साधारण दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. निकोटीनचं च्युइंगम मिळतं, पण तुझ्या तोंडात चट्टा आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि गॅलरीतल्या त्या दहा मिनिटांचं काय करायचं हा प्रश्न थेरपिस्टकडे नक्की काढ. मिश्री गेली तरी ती दहा मिनिटं तुझीच राहायला हवीत. घरात ती कुणी आपणहून देणार नाही.

नवऱ्याला पूर्ण सांगावं का, मुलीला सांगावं का, हे तू विचारलं नाहीस, म्हणून मीही बोलत नाही.

दातांच्या डॉक्टरांची वेळ कुठल्या तारखेची मिळाली तेवढं मात्र दोन ओळींत कळव. मिश्रीचं काय ठरलं ते नाही कळवलंस तरी चालेल.

– मावशी