जपानी घेऊ की भाषाविज्ञान?

प्रिय ताई,
माझं वय 43. बरीच वर्षं हिशेबाचं काम करते आहे. लग्नाआधी पदवी अर्धवट सुटली, ती सुटलीच. गेली काही वर्षं रात्री ऑनलाइन जपानी शिकतेय. आता लेक कॉलेजात गेली आणि मलाही पदवी पूर्ण करावीशी वाटतेय. नवरा म्हणतो, जपानी घे, चार पैसे तरी मिळतील. लेक म्हणते, आई, तुला भाषेपेक्षा व्याकरणच जास्त आवडतं, तू भाषाविज्ञान घे. 'वा' आणि 'गा' या जपानी प्रत्ययांत नेमका फरक काय, हे मी इतक्यांदा विचारलंय की हल्ली माझा हात वर दिसला की आमच्या बाई पान उलटतात. या वयात डोक्यात शिरेल का? आणि लेकीच्या वयाच्या मुलांमध्ये बसायचं कसं?
— अधांतरी

प्रिय अधांतरी,

बाई पान उलटतात यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलं. त्यांचं काही चुकत नाही. भाषेच्या वर्गाला वाक्य तोंडात बसवायचं असतं. 'वा' कुठे आणि 'गा' कुठे हे जमलं की पुढचा धडा. ते तसंच का, या प्रश्नावर भाषावैज्ञानिकांनी पानंच्या पानं भरली आहेत. म्हणजे तुम्हाला बाई हव्यात की ती पानं, एवढंच ठरवायचंय.

त्यासाठी घरबसल्या एक गंमत करून बघा. 'माणूस'चं 'माणसाला' होतं, 'कापूस'चं 'कापसाला'. मग 'जुलूस'चं 'जुलसाला' का होत नाही? कागद घ्या, असे आणखी शब्द जमवा, दोन रकाने पाडा, नियम मांडा आणि तो मोडणारा शब्द शोधा. पहिल्या वर्षाचा भाषाविज्ञानाचा गृहपाठ बराचसा असाच असतो, फक्त शब्द बहुतेकदा तुम्ही कधी न ऐकलेल्या भाषेतले. हे करताना चहा गार झाला, तर लेकीचं म्हणणं खरं. 'असेल काहीतरी' म्हणून कागद बाजूला सारलात, तर जपानी घ्या आणि मुळीच वाईट वाटून घेऊ नका. भाषाविज्ञान शिकून कोणी चार भाषा बोलायला लागत नाही. हा गैरसमज घेऊन आलेली मुलं ध्वनिलिपी आणि वाक्यरचनेच्या झाडासारख्या आकृत्या बघून पहिल्या सहामाहीतच हिरमुसतात.

नवऱ्यांचं गणित मात्र उडवून लावू नका. जपानी येणारी आणि ताळेबंद वाचता येणारी व्यक्ती सहज सापडत नाही. साधा मजकूर आता यंत्रं भाषांतरित करतात. करार आणि लेखापरीक्षणाचे अहवाल तपासायला विषय कळणारं माणूसच लागतं. तुमच्या पदरी ते आधीच आहे. भाषाविज्ञानाच्या पदवीला अशी थेट नोकरी चिकटलेली नसते. संगणकाच्या बाजूला जायचं तर प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र लागतं, वाचा-उपचाराकडे जायचं तर त्याचं वेगळं शिक्षण आणि बहुतेक ठिकाणी परवानाही. शिवाय त्यात जपानी आपोआप सुधारत नाही, ते रात्रीचंच राहणार.

वेळेचा हिशेबही तुमच्या हातचाच. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुत्सद्द्यांना कामापुरतं पक्कं जपानी यायला अमेरिकी परराष्ट्र खातं वर्गातले सुमारे 2200 तास धरतं, आणि घरचा अभ्यास त्यावर. रोजच्या वापरातल्या कांजींची, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरांची, अधिकृत यादीच 2136 चिन्हांची आहे. आपली वाक्यरचना जपानीसारखीच, क्रियापद शेवटी, म्हणून तुमचं थोडं सोपं जाईल. पण कांजी आपल्यालाही तितक्याच छळतात. जपानीला रोज थोडं थोडं द्यावं लागतं, चार दिवस चुकले की कळतं. भाषाविज्ञानाचा गृहपाठ रविवारी मांडी ठोकून उरकता येतो. घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईला हा फरक माहितीपत्रकातल्या फोटोंपेक्षा जास्त मोलाचा.

विभागाचं नाव बघून अर्ज करू नका, सगळ्या वर्षांची विषयांची यादी मागवा. 'जपानी'च्या पदवीत भाषा किती आणि साहित्य-इतिहास किती, हे विभागागणिक बदलतं. काही ठिकाणी एक सत्र किंवा अख्खं वर्ष परदेशात काढणं सक्तीचं असतं. नोकरदार माणसाची गाडी तिथेच अडते, आणि ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. तुमचं रात्रीचं जपानी धरून पातळी-चाचणी देता येते का, तेही विचारा. नाहीतर हिरागानापासून, म्हणजे जपानी मुळाक्षरांपासून, सुरुवात. जुन्या पदवीचे गुण धरतात का, हे लेखी घ्या. फोनवरचं 'हो, होईल मॅडम' प्रवेशाच्या दिवशी कामी येत नाही. बऱ्याच ठिकाणी मुख्य विषय एक आणि दुय्यम दुसरा असंही घेता येतं. माझं मत विचाराल तर पत्रावरून तुमचा कल मला भाषाविज्ञान मुख्य, जपानी दुय्यम असा दिसतो. पण आधी पदवीला नाव न घालता एकच विषय घेता येतो का बघा, किंवा निदान दोन तास मागच्या बाकावर बसू द्या म्हणून विचारा.

आता वय. मोठेपणी शिकलं तर उच्चारात मातृभाषा डोकावते, हे खरं. पण हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांवर 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीच्या महिन्यांत डच भाषा लहानग्यांपेक्षा किशोरवयीन आणि मोठी माणसंच भराभर शिकली. भाषाविज्ञानात तर उशिरा आलेल्यांची रांगच आहे. विल्यम लबोव्ह कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. तिशी ओलांडल्यावर विद्यापीठात परतले, 1964 मध्ये डॉक्टरेट झाले आणि समाजभाषाविज्ञानाचा पाया घातला. बेंजामिन व्होर्फ विमा कंपनीत आगप्रतिबंधाचं काम बघायचे, ती नोकरी न सोडता येल विद्यापीठात भाषावैज्ञानिक एडवर्ड सपीर यांच्याकडे शिकले. (भाषा विचारांना वळण लावते या व्होर्फ यांच्या मतांवर अजून भांडणं चालतात, पण ती त्यांच्या नोकरीवरून नव्हेत.)

राहता राहिली वर्गातली मुलं. पहिले दोन आठवडे तुम्हाला प्राध्यापक समजून उठून उभी राहतील, नंतर तुमच्या वह्या मागायला येतील. समाजभाषाविज्ञानाच्या तासाला पिढ्यांच्या बोलीतला फरक निघाला की तुमच्याकडेच बघतील, तेव्हा 'आमच्या वेळी असं म्हणायचे' हे बिनधास्त सांगा. तिथे त्याला माहिती म्हणतात. आणि लेकीच्याच कॉलेजात प्रवेश घेणार असाल, तर एकदा तिला विचारून घ्या.