पाटी बघून सांगतो
(वाचकांचे प्रश्न, उत्तरं देतात सांगलीतले एक जुने साइनबोर्ड पेंटर)

पेंटरकाका, कॉलेजात जाहिरातीच्या तासाला आम्हाला फेडेक्स या कुरियर कंपनीच्या नावात लपलेला बाण दाखवतात. मराठीत असं कुणी केलंय का? मी मिरजेहून रोज सांगलीला येतो, मला तर तशी एकही पाटी दिसली नाही. – एक विद्यार्थी, मिरज

तो बाण मला नातवाने मोबाइलवर दाखवला, आणि खरं सांगतो, दोन मिनिटं मला दिसलाच नाही. लिंडन लीडर नावाच्या माणसाने १९९४ साली तो बसवला. ई आणि एक्स यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे तो. म्हणजे रंगवलेला नाहीच, रंगवायचा सोडलेला आहे. चांगल्या पेंटरचं लक्षण.

पण तसाच बाण आपल्याकडे शोधशील तर हात हलवत परत येशील. इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात, गंमत त्यांच्या मधल्या फटीत करता येते. आपली अक्षरं म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे. वर शिरोरेषा, खाली सगळं लोंबतंय. मग करायचं ते त्या दोरीचं, नाहीतर काना-मात्रा-वेलांटीचं. तिथे बघायची सवय लाव.

गणपती पेठेच्या मागच्या एका बोळात शिंप्याचं दुकान होतं. पाटीवर एकच शब्द, 'शिवणकाम'. पाटी माझ्या गुरूंची. मी तेव्हा त्यांच्याकडे ब्रश धुवायला होतो. पहिल्या वेलांटीचा दांडा त्यांनी सुईचा केला होता, खाली टोकदार, वर नेढं. नेढ्यातून निघालेला दोरा वेलांटीची कमान होऊन 'श'वर उतरायचा आणि तिथून शिरोरेषा व्हायचा. सलग नाही, धावदोरा घातल्यासारखी तुटक. शेवटच्या 'म'च्या डोक्यावर बारकीशी गाठ. बस्स. निळा एनॅमल, पांढरी पाटी, दुसरा रंग नाही. लोक 'शिवणकाम' वाचून आत जायचे, मापं द्यायचे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला एखाद्याला सुई दिसायची. गुरू म्हणायचे, गिऱ्हाईक आधी आत गेलं पाहिजे, सुई दिवाळीला दिसली तरी चालेल.

सायकलच्या दुकानावर नावाखाली दोन चाकं चिकटवतात, केशकर्तनालयाच्या 'क'ला कात्री अडकवतात, ते मी यात धरत नाही. ते अक्षराला मुंडावळ्या बांधणं झालं. अक्षराचा जो अवयव मुळात आहे त्यालाच कामाला लावलं, तर मी मानतो.

मी स्वतः काय दिवे लावले तेही ऐक. स्टँडजवळच्या एका टपरीवाल्याने 'चहा' लिहून मागितलं. मी तरुण, डोक्यात गुरूंची सुई. म्हटलं, 'च'चं पोट म्हणजे कपच की! छान गोल केलं, वर तीन रेषा वाफेच्या. आठ दिवसांनी टपरीवाला दुकानात. "पेंटर, लोक 'वहा' वाचतात. वहा काय, वहा?" जाऊन रस्त्यापलीकडून बघितलं, तर खरंच 'वहा'. 'च'च्या पोटाला वरून आडवी काडी आणि खाली कोपरा असतो. तो कोपरा गोल केला की 'च' संपला, 'व' झाला. टेबलावर मान खाली घालून काम करताना हे दिसत नाही. नवा पत्रा माझ्या खर्चाने घातला. जुना त्याने उलटा करून टपरीच्या छपराला ठोकला. तो पत्रा पुन्हा येईल, खाली.

आम्ही घरी भडंग करून विकतो. पाकिटावर भाच्याने 'भडंग'चा अनुस्वार म्हणून चुरमुरा काढलाय. सगळ्यांना आवडतो, मला कसंतरीच वाटतं. आता छोटं दुकानही घेतोय, तर पाटीला कुठला फाँट घ्यावा? – एक गृहिणी, विश्रामबाग

ताई, कल्पना झकास आहे, भाच्याला सांगा. तुम्हाला कसंतरी वाटतं त्याचं कारण मी पाकिटाचा फोटो बघून सांगतो. त्याने चुरमुरा उडतोय असं दाखवायला तो 'ड'च्या उजव्या अंगाला खाली सरकवलाय. 'ड'च्या डोक्यावर टिंब म्हणजे 'डं', कुशीत टिंब म्हणजे 'ङ'. तुमचं पाकीट 'भङग' म्हणतंय. चुरमुरा शिरोरेषेच्या वर उचला, थोडा तिरका ठेवा, मग उडू द्या हवा तेवढा. आणि चुरमुऱ्याला डोळे-तोंड काढलंय ते पुसा.

पाटीचं म्हणाल तर दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीपासून छोट्या दुकानालाही देवनागरी पाटी लागते, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने मराठी पाट्या लावायला दुकानदारांना दोन महिने दिले, तेव्हा फ्लेक्सवाल्यांची चांदी झाली. मोठमोठ्या शोरूमवाल्यांनी इंग्रजी नावासाठी पैसे मोजून अक्षर घडवून घेतलेलं, आणि मराठीला मिळेल तो फाँट, तोही आडवा ताणून उंची भरून काढलेला. अक्षर कायद्यात बसलं, पाटीवर काही बसलं नाही.

तुम्हाला जाड आणि मोकळं अक्षर हवं. 'बालू' नावाचा फाँट फुकट मिळतो, मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्यांचा, गुबगुबीत आहे, भडंगाला शोभेल. साधं हवं असेल तर त्यांचाच 'मुक्ता'. 'मंगल' नको. तो र. कृ. जोशींनी संगणकाच्या पडद्यासाठी केला, तिथे त्याने आपल्या सगळ्यांचं काम केलंय. दहा फुटी पाटीवर त्याला ताणू नये. छापायला देण्याआधी फ्लेक्सवाल्याच्या खुर्चीमागे उभ्या राहा. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर गेली की पहिली वेलांटी पलीकडे उडी मारते, 'मिरची'ची 'मरिची' होते, आणि त्याला ते दिसत नाही कारण तो वाचत नसतो, रंग भरत असतो. वरच्या मात्रा कडेला कापल्या जात नाहीत ना, तेही बघा. मग प्रिंट भिंतीला टेकवा, रस्ता ओलांडा आणि तिकडून वाचा. मी हे चहावरून शिकलोय.

'ल' आणि 'श' दोन-दोन तऱ्हेचे दिसतात. बरोबर कुठले? – एक शिक्षक, तासगाव

आपला 'ल' दोन पाकळ्यांचा, 'श' देठाचा. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेत तेच आहेत. दांड्याचा 'ल' हिंदीकडचा, फाँटमधून आपोआप येतो. चूक म्हणून मी भांडणार नाही, पण 'लाल' हा शब्द दोन्हींत लिहून बघा. आपल्याला चार पाकळ्या मिळतात, त्यांना दोन दांडे.

अक्षरकला म्हटली की मुंबईचीच नावं येतात. आपल्या जिल्ह्यात काही घडलं की नाही? – एक वाचक, पलूस

पलूसकरांनी हे विचारावं! तुमच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं, तेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक. संपादक शंकरराव किर्लोस्कर मुळात चित्रकार. नांगर विकणाऱ्या कारखान्याचं पत्रक घरोघरी वाचायचं मासिक झालं. आणि त्याच्याही आधी, १८०५ मध्ये, मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्री झोप आली नाही. छापायला अक्षर उलटं कोरावं लागतं. सुटे खिळे, म्हणजे जुळवून बसवायची धातूची अक्षरं, नाहीत. एक वेलांटी चुकली तर बदलायची कुठून? मी काचेवर आतल्या बाजूने उलटी नावं रंगवलीत, डॉक्टरांच्या दारांवर. दोन ओळींत मान धरते. त्या माणसाने सातशे श्लोक कोरले.

मुंबईचं एक नाव मात्र मीही घेतो. कमल शेडगे. नाटकांच्या जाहिरातीतली त्यांची अक्षरं मी पेपरातून कापून वहीत चिकटवायचो. २०२० साली ते गेले. वही आहे अजून, कडा चिखलाच्या आहेत.

सांगलीत तुम्हाला सगळ्यात आवडणारं अक्षर कुठलं? – एक वाचक, सांगलीवाडी

अक्षर नाही, आकडे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळचे, पाणी मोजायचे. त्यात कलाकुसर शून्य, आणि अख्खं गाव ते मान वर करून नाही, खाली वाकून वाचतं. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. तुम्ही सांगलीवाडीकर, तुम्हाला काय सांगायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्नच्या वर गेलं, तेव्हा वाचायला आकडेच उरले नव्हते.

माझं दुकान आठ दिवस पाण्यात. हिशेबाच्या वह्यांचा लगदा झाला, पत्र्याच्या पाट्या मात्र फडक्याने पुसल्या आणि अक्षरं जशीच्या तशी. एनॅमल आहे. स्टँडकडचा टपरीवाला आठवडाभराने भेटला. छपराचा तो पत्रा पहिल्याच रात्री गेला म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "तुम्हीच लिहिलं होतं त्यावर, वहा."