तिकिटावरच्या वेळा कशा वाचायच्या?

प्रश्न : मुलीकडे सिंगापूरला जायचं आहे. मुंबईहून रात्री 11.30ला सुटून सकाळी 7.30ला पोहोच, असं तिकिटावर आहे. म्हणजे आठ तास झाले. मुलगी मात्र साडेपाच म्हणते. अंतरही कुठे 3,900, कुठे 2,430, तर कुठे 2,110 लिहिलेलं सापडतं. खरं काय धरायचं?
– एक वाचक, दादर

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची असते आणि पोहोचायची सिंगापूरची. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. त्यांचे सकाळचे 7.30 म्हणजे आपले पहाटेचे 5. येताना हिशेब उलटा होतो. तिथून रात्री 8ला निघालात, की आपले संध्याकाळचे 5.30 वाजलेले असतात, आणि मुंबईत 11च्या सुमारास उतरता. घड्याळात तीनच तास दिसतात, पण विमानात बसायचं साडेपाच तासच. त्या हिशेबाने जेवण, औषधं जवळ ठेवा.

अंतराचे तिन्ही आकडे एकाच अंतराचे आहेत : सुमारे 3,900 किलोमीटर, 2,430 साधे मैल, 2,110 सागरी मैल. सागरी मैल 1.852 किलोमीटरचा असतो आणि विमानवाल्यांची मोजणी त्यातच चालते.

ताशी 870 किलोमीटरने 3,900चे साडेचारच तास होतात. मग वरचा तास जातो कुठे? तिकिटावरचा वेळ धरतात तो विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभं राहीपर्यंतचा. चढताना-उतरताना वेग कमी असतो. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानं रांगेत थांबतात. बहुतेकदा उड्डाण पश्चिमेकडे, जुहूच्या समुद्रावर होतं. पूर्वेला जाणारं विमान तिथून वळून येतं. म्हणून वैमानिक सांगतो तो वेळ तिकिटापेक्षा कमी असतो. न्यायला येणाऱ्यांनी मात्र तिकिटावरचीच वेळ धरावी, वर सामान आणि इमिग्रेशनचा तास.

प्रश्न : दुबईला जाताना सव्वातीन तास लागतात, येताना पावणेतीन. रस्ता तोच, मग असं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वाऱ्यामुळे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. अंतर सुमारे 1,930 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 850 आणि समोरून वारा 100चा असेल, तर जमिनीवरून मोजलेला वेग 750 उरतो आणि दोन तास चौतीस मिनिटं लागतात. तोच वारा पाठीशी आला की 950, म्हणजे दोन तास दोन मिनिटं. दोन्हीकडे जमिनीवरची चाळीसेक मिनिटं धरा, तुमचा अर्धा तास सापडतो. पावसाळ्यात वाऱ्याची दिशा बदलते आणि हा फरक घटतो.

प्रश्न : 15 तारखेचं 00.40चं विमान आहे. विमानतळावर कधी जायचं?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : 14 तारखेच्या रात्री! 00.40 म्हणजे मध्यरात्रीनंतरचे 12.40. इथेच सर्वांत जास्त माणसं चुकतात. 15च्या रात्री गेलात, तर विमान आदल्याच रात्री गेलेलं असेल आणि असं हुकलेलं तिकीट सहसा वाया जातं. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात. तीन तास आधी, म्हणजे 14ला रात्री 9.40ला सहारच्या टी-2वर (टर्मिनल 2) हजर असा. द्रुतगती मार्गावर रात्रीही गाड्या अडतात, तेव्हा टॅक्सी आठची सांगा.