जुनं ड्रम मशीन घेण्याआधी

लेकरा,

तुझी चाल तीनदा ऐकली. पेटी सुरात आहे, गळाही मोकळा लागलाय. ताल मात्र मोबाइलवरच्या ॲपचा, आणि दुसऱ्या अंतऱ्यात तू त्याच्या पुढं पळालास. परभणीत कुणीतरी जुनं आलेसिस एसआर-16, म्हणजे बोटानं ताल वाजवायचं ड्रम मशीन विकतंय, घेऊ का, असं विचारलंस. त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय.

ड्रमचे तसले आवाज कॉम्प्युटरवर फुकट मिळतात, हे खरंच आहे. पण तू हलगी वाजवत मोठा झालास. माऊस घेऊन पडद्यावर एकेक ठोका मांडायला बसलास की तुझा ताल मरतो, हे मी पाहिलंय. या मशीनवर 12 पॅड आहेत, बोट हलकं पडलं की आवाज हलका, जोरात पडलं की मोठा. तुला तेच पाहिजे. शिवाय वायर थेट इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या तुझ्या डबीत जाते. मे महिन्यात पत्र्याखाली पंखा बंद करून माइकसमोर घामाघूम व्हायचं ते फक्त गळ्यापुरतं राहील.

ढोलकीची आशा मात्र धरू नकोस. डग्ग्यावर मनगट दाबून जी मींड, म्हणजे घसरत जाणारा सूर निघतो तो यात नाही, संबळही नाही. तयार पॅटर्न बहुतेक चार-चारच्या वजनाचे आहेत आणि तुझी चाल दादऱ्यात. रिकामा पॅटर्न घे, लांबी 6 बीट ठेव आणि ठेका स्वतः वाजव.

बघायला जाशील तेव्हा ॲडॉप्टर आधी हातात घे. या मशीनला 9 व्होल्टचा एसी ॲडॉप्टर लागतो, बाजारात सर्रास मिळणारा डीसी नाही. त्याच्यावर ‘आउटपुट’समोर काय छापलंय ते वाच. माझ्या पहिल्या मशीनला एका दुकानदारानं पिन बसते म्हणून भलताच ॲडॉप्टर दिला. बटण दाबलं, जळका वास आला, आणि चार महिन्यांची बचत गेली. तो वास अजून नाकात आहे.

मग एक पॅटर्न सेव्ह कर, विजेची वायर काढ, चहा घेऊन ये, परत चालू कर. पॅटर्न गेला असेल तर आतला लिथियम सेल संपलाय. तो बदलता येतो, पण तेवढे पैसे कमी करून माग. प्रत्येक पॅड एका बोटानं हळू वाजव. एका ठोक्याला दोन आवाज आले किंवा आवाजच आला नाही, तर आत धूळ आहे नाहीतर रबर झिजलंय. दोन-चार पॅड असे निघाले तर सरळ परत ये.

मशीनला आउटपुट 4 आहेत, तुझ्या इंटरफेसला इनपुट 2. म्हणून ड्रमचा एकेक आवाज वेगळा रेकॉर्ड कर: आधी नुसता किक (खालचा मोठा ठोका) घे, मग स्नेअर (कडक ठोका), मग हायहॅट (झांजेसारखा). असं थरावर थर चढवताना मशीन आणि कॉम्प्युटर एकाच लयीत चालले पाहिजेत, नाहीतर तिसऱ्या थरापर्यंत ठोके विस्कटतात. त्यासाठी मिडी केबल लाव, तिच्यातून आवाज नाही, नुसते लयीचे इशारे जातात. तिच्यातून एका बीटला 24 टिचक्या जातात आणि मशीन त्या धरून चालतं. ही केबल तिथंच लावून बघ. मिडीचं पोर्ट बंद असेल तर ते मशीन तुझ्या कामाचं नाही.

एवढं सगळं नीट निघालं तर घे. रविवारी मशीन माझ्याकडं घेऊन ये, पेटीही आण. दुसऱ्या अंतऱ्यापासूनच बसू.

तुझा,
काका