वर्गणी, कमान आणि पर्यायी संगीत : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. ती ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली आहेत आणि त्यांतली तक्रार मला जवळची वाटते, म्हणून इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत.

प्रश्न : मी नेरुळला राहते. जानेवारी २०२५ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हा तिकीट न मिळाल्याने मी आणि माझी बहीण गच्चीत उभ्या राहून ते ऐकत होतो. माझे मामा म्हणतात की त्यांच्या तरुणपणी ‘अल्टरनेटिव्ह’ या शब्दाचा अर्थच बाजाराला नकार असा होता, आणि आता त्याच नावाचे महोत्सव दारूच्या आणि बँकांच्या फलकांखाली भरतात. हे संगीत खरोखरच विकले गेले आहे का? मी अशा महोत्सवांना जाणे सोडून द्यावे का?
— एक वाचिका, नेरुळ

उत्तर : आपण ऐकलात तो एका बँडच्या जगदौऱ्याचा भाग होता, त्यामुळे महोत्सवांच्या हिशेबात तो मी धरत नाही. तरी तिकिटांचा अनुभव मात्र इथे लागू पडतो. २२ सप्टेंबर २०२४ रोजी विक्री उघडली, अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटे बघता बघता संपली आणि तीच तिकिटे दुसऱ्या संकेतस्थळांवर लाखांच्या भावाने दिसू लागली. या काळ्या बाजाराविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने पुढे फेटाळली. कायदा करणे हे विधिमंडळाचे आणि सरकारचे काम आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात २००७ पासून घेणाऱ्याचा फोटो तिकिटावर छापला जातो आणि ते तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणजे हा रोग असाध्य नाही, इलाज करण्याची इच्छा असावी लागते.

आता आपल्या मामांचे म्हणणे. त्यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे, कारण पैशाचा स्पर्श न झालेला मोठा संगीत महोत्सव कधी झालाच नाही. १९६९ च्या ऑगस्टमधला अमेरिकेतला वुडस्टॉक महोत्सव आपण सगळे फुकटचा म्हणून ओळखतो; पण त्याची तीन दिवसांची तिकिटे आगाऊ अठरा डॉलरला विकली गेली होती आणि त्यामागे गुंतवणुकीची संधी शोधणारे तरुण उभे होते. कुंपण वेळेत पुरे झाले नाही, चार लाखांवर माणसे शेतात येऊन बसली, तेव्हा तो फुकट करावा लागला. आयोजक कर्जात बुडाले आणि पुढे चित्रपट व ध्वनिमुद्रिकांच्या उत्पन्नातून ते कर्ज हळूहळू फिटले.

‘अल्टरनेटिव्ह’ हा मामांचा शब्द ज्या अमेरिकी महोत्सवाने जगभर पोहोचवला, त्या लोलापलूझाचा प्रवास पाहिला की गोष्ट आणखी स्पष्ट होते. पेरी फॅरेल या गायकाने १९९१ मध्ये आपल्या ‘जेन्स अॅडिक्शन’ या बँडच्या निरोपाचा दौरा म्हणून तो सुरू केला, आणि रॉक, रॅप, इंडस्ट्रियल अशा एरवी एकत्र न येणाऱ्या मंडळींना घेऊन तो गावोगाव फिरला. १९९६ मध्ये मेटॅलिका या बड्या हेवी मेटल बँडला मुख्य स्थान दिले गेले, तेव्हा जुने श्रोते दुखावले आणि फॅरेल यांनाही ते रुचले नाही. दौरा १९९७ नंतर थांबला, २००३ मध्ये परतला आणि २००४ मध्ये तिकिटे खपत नाहीत म्हणून संपूर्ण रद्द झाला. त्यानंतर २००५ पासून तो शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये एका जागी भरू लागला, २०१४ मध्ये लाइव्ह नेशन या कार्यक्रम भरवणाऱ्या बड्या कंपनीने त्याच्या आयोजक कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला, आणि जानेवारी २०२३ मध्ये तो आपल्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आला. अनेक जण मेटॅलिकाच्या वर्षाकडे बोट दाखवतात. मला मात्र २००४ हे साल महत्त्वाचे वाटते. ज्याने बँड निवडायचे त्यालाच तोटा सोसता येईना, म्हणून महोत्सव तोटा सोसू शकणाऱ्याकडे गेला, आणि निवडण्याचा अधिकारही त्याच्या मागोमाग गेला.

कोचेला या दुसऱ्या अमेरिकी महोत्सवाचेही तेच झाले. १९९३ मध्ये तिकीट कंपनीशी भांडण झाले म्हणून पर्ल जॅम या रॉक बँडने कॅलिफोर्नियातल्या इंडिओ गावी पोलोच्या मैदानावर कार्यक्रम केला आणि त्या मैदानाचा शोध लागला. १९९९ मध्ये तिथेच पहिला कोचेला भरला, त्यात मोठी खोट आली, २००० मध्ये तो झालाच नाही, २००१ मध्ये जेमतेम एका दिवसाचा झाला आणि त्याच सुमारास आयोजक संस्था एका बड्या कंपनीने विकत घेतली. बंडातून सापडलेल्या त्या जागेवर आज लोक कपड्यांचे फोटो काढायला जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ही प्रक्रिया आपल्याला परकी नाही. मी ठाण्यात पाचपाखाडीत वाढलो. आमच्या गणेशोत्सव मंडळाचे चिटणीस श्रावण सरता सरता पावतीपुस्तक घेऊन चार जिने चढून येत. आजी अकरा रुपये द्यायची आणि पावतीवर निळ्या कार्बनचा ठसा नीट उमटेपर्यंत त्यांना मागच्या वर्षीचा मांडवाचा खर्च विचारायची. भजनाला कोणाला बोलावणार, कर्ण्याचे तोंड प्रसूतिगृहाकडे का ठेवले, हेही विचारायची; आणि तो बिचारा माणूस दारात उभा राहून उत्तरे द्यायचा, कारण अकरा रुपये तिचे होते. एका वर्षी गल्लीच्या तोंडाशी बांधकाम व्यावसायिकाच्या नावाची कमान उभी राहिली. रोषणाई वाढली, वाद्यवृंद नामांकित आला आणि चिटणीस जिने चढायचे थांबले. वर्गणी न देण्याचा आनंद एक वर्ष टिकला. पुढच्या वर्षी आजीने खर्च विचारायला निरोप पाठवला, तर उत्तर आले की आता घरोघरी हिशेब देण्याची गरज उरलेली नाही.

तलावपाळीच्या आणि राम मारुती रोडच्या दिवाळी पहाटेत जमणाऱ्या तरुण गर्दीलाही ही प्रायोजकाची कमान परिचयाची आहे. तिथे मंचावर कोणी गायचे, हे त्या गर्दीतल्या कोणालाच विचारले जात नाही.

भारतात या कमानीवर मद्याचे नाव इतक्या वेळा का दिसते, त्याला कारण आहे. दूरचित्रवाणीवर दारूची जाहिरात करायला आपल्याकडे बंदी आहे. म्हणून त्या कंपन्या सोडा, सीडी, क्रिकेट आणि संगीत यांच्या आडोशाने आपले नाव लोकांसमोर ठेवतात, आणि या कंपन्यांना जे विशी-तिशीतले शहरी तरुण गाठायचे असतात, ते त्यांना पर्यायी संगीताच्या मैदानावर एकगठ्ठा भेटतात. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या एनएच सेव्हन वीकेंडरने आपल्या देशातल्या स्वतंत्र बँडना पहिल्यांदा नीट मंच, नीट ध्वनियोजना आणि हजारोंचा श्रोता दिला, हे मी कृतज्ञतेने सांगतो. त्याच महोत्सवाच्या नावाआधी बरीच वर्षे एका रमचे नाव लागत असे, हेही तितकेच खरे. माझ्या पिढीने धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव ऐकला, तेव्हा शेवटची ठाणे लोकल चुकू नये म्हणून आम्ही अखेरचे गाणे अर्धवट सोडून व्ही.टी.कडे पळत असू. ते दिवस मला प्रिय आहेत. पण तेव्हाच्या बहुतेक बँडना त्या एका संध्याकाळनंतर वर्षभर वाजवायला जागा नसे, हे विसरून चालणार नाही. पुढे रंगभवन शांतता क्षेत्रात येते म्हणून मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमांना बंद झाले आणि तीही जागा गेली.

तेव्हा जाणे सोडू नका. तिकीट काढण्याआधी मात्र कार्यक्रमपत्रिका वाचा, आणि रात्री नऊच्या मोठ्या नावाऐवजी दुपारी तीन ते सहा या वेळेत लहान मंचावर कोण आहे ते पाहा. तिथे आपण कधी न ऐकलेली चार नावे असतील, त्यांत आपल्या भाषांतली गाणी असतील आणि दर वर्षी ती नावे बदलत असतील, तर संगीताची जाण असणारा कोणीतरी अजून निवड करतो आहे असे समजावे. तीच नावे तिसऱ्या वर्षीही असतील आणि तो मंच एखाद्या मोबाइल कंपनीच्या दालनासारखा सजलेला असेल, तर ते पैसे दुसरीकडे खर्च करावेत. ग्लास्टनबरीचे तिकीट आज साडेतीनशे पौंडांच्या वर आहे, १९७० मध्ये ते एक पौंड होते आणि त्यात शेतावरचे दूध फुकट मिळे. तरीही मी त्याला विकला गेलेला म्हणत नाही, कारण मूळची जमीन तो भरवणाऱ्या शेतकरी कुटुंबाची आहे, निवड त्यांची आहे आणि मुख्य मंचाच्या कपाळावर कोणाचा फलक नाही. अधूनमधून एक वर्ष ते महोत्सव भरवतच नाहीत, जमिनीला विसावा देतात. भागधारकांना बांधलेल्या आयोजकाला असे रिकामे वर्ष परवडणे कठीण आहे.

प्रश्न : नवी मुंबईतल्या एका मैदानावरच्या महोत्सवात फाटकावर पाण्याची बाटली काढून घेतली आणि आत तीच बाटली छापील किमतीच्या तिपटीने विकली. आत खर्च करण्यासाठी मनगटी पट्ट्यात आगाऊ भरलेल्या पैशांतले चारशे रुपये उरले, तेही परत मिळाले नाहीत. तक्रार करता येते का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : येते, आणि करावी. सीलबंद बाटली छापील कमाल किमतीपेक्षा जास्त दराने विकणे वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजनमापांच्या, नियमांत बसत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल आणि उपाहारगृहांना त्यातून मोकळीक दिली, ती तिथे बसण्याची, वाढण्याची सेवा मिळते या आधारावर. मैदानातल्या टेबलावरून हातात दिलेल्या बाटलीला ती लागू करणे मला मान्य नाही. बिल, बाटलीवरच्या किमतीचा फोटो आणि पट्ट्याच्या शिलकीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा व १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. परताव्याची मुदत बहुधा तिकिटाच्या अटींत बारीक अक्षरांत असते, ती आधी तपासा. पाणी ही किरकोळ बाब नाही. १९९९ च्या वुडस्टॉकमध्ये, जुन्या हवाई तळाच्या तापलेल्या डांबरावर, पाण्याची बाटली चार डॉलरला विकली गेली. तीन दिवसांच्या अखेरीस तिथे जी जाळपोळ झाली, तिच्या कारणांत या बाटलीचा उल्लेख आजही होतो.

प्रश्न : आमचा पाच जणांचा बँड कळव्यात सराव करतो, गाणी मराठीत आणि आगरी बोलीत आहेत. एका महोत्सवाने लहान मंचावर वीस मिनिटे देऊ केली आहेत. मानधन नाही, उलट पन्नास तिकिटे आम्ही खपवायची आहेत. शिवाय आधी आणि नंतर तीन-तीन महिने मुंबई, ठाणे, नवी मुंबईत कुठेही वाजवायचे नाही, असे कागदावर आहे. ‘एक्स्पोजर’ मिळेल म्हणतात. सही करावी का?
— पाच मित्र, कळवा

उत्तर : करू नये. मित्रांनो, आपल्या पत्रातल्या या दोन अटी एकत्र वाचून मला फार राग आला, तो आवरून लिहितो आहे.

दुसऱ्या अटीला व्यवसायात ‘रेडियस क्लॉज’ म्हणतात. लाखो डॉलर घेणाऱ्या कलाकाराने शेजारच्या गावात आठ दिवस आधी स्वस्तात गाऊ नये, एवढ्यापुरता तिला अर्थ आहे. पण ती लहान बँडवरही लादली जाते. शिकागोमध्ये लोलापलूझाच्या अशाच अटीमुळे आसपासच्या छोट्या जागांना कलाकार मिळेनात अशी ओरड झाली आणि २०१० मध्ये तिथल्या राज्याच्या अॅटर्नी जनरलनी चौकशी सुरू केली होती. आपल्या कंत्राट कायद्याचे २७ वे कलम कोणाच्या कामधंद्याला अटकाव करणारे करार निरर्थक ठरवते. मात्र कराराच्या मुदतीतली काही बंधने न्यायालये मान्यही करतात, म्हणून कागद वकिलाला दाखवावा. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब साधा आहे : मानधन शून्य असताना सहा महिने गप्प बसायचे आणि आयोजकाची पन्नास तिकिटे विकायची, म्हणजे त्याचा तोटा आपण सोसायचा आणि निवडीचा अधिकार मात्र त्याच्याकडेच राहायचा.

एरवी कुठल्याही महोत्सवाशी बोलताना चार गोष्टी लेखी घ्या : प्रवासखर्चासह मानधन, साउंडचेकची, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासण्याची, नेमकी वेळ, आपल्या कार्यक्रमाचे चित्रीकरण कोण कुठे वापरणार, आणि गाण्यांचे हक्क आपल्याकडेच राहतील हे वाक्य. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहीने सोडून देता येत नाही, तरी तसे लिहून घेण्याचा प्रयत्न होतो. आपण स्वतः गाणी लिहिता, तेव्हा गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासदत्व घ्यावे.

आणि पन्नास तिकिटे खपवण्याची आपली ताकद आहे असे आयोजकाला वाटते, तर ती स्वतःसाठी वापरा. ठाण्यात गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह, वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह ही महापालिकांची सभागृहे आहेत. ती पाच मुलांना आज मोठी पडतील, पण शाळेचा हॉल किंवा सोसायटीचे सभागृह मिळू शकते. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावता येत नाही, तेव्हा बंद हॉल घ्यावा आणि संध्याकाळी सहाला सुरू करावे. ऐंशी खुर्च्या, दोनशे रुपये तिकीट, सोळा हजार रुपये. त्यात हॉलचे आणि ध्वनियोजनेचे भाडे भागले आणि पाच जणांच्या वाट्याला वडापावपुरतेच उरले, तरी दारावर वही ठेवून आलेल्या प्रत्येकाचे नाव आणि फोन नंबर लिहून घ्या. पुढच्या कार्यक्रमाला आधी त्यांना बोलवा, आणि खर्च किती झाला हे त्यांनी विचारले तर सांगा.

तारीख ठरली की या सदराच्या पत्त्यावर कळवावे. माझे एक तिकीट बाजूला काढून ठेवा. पास पाठवू नका, दोनशे रुपये दारावर देईन.